इंजिनाला गोडे पाणी

खाऱ्या पाण्याने माणसाची तहान भागत नाही, उलट ती वाढते, हे दर्यावर्दी लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. गलबत हाकारण्यापूर्वी शिधा थोडा कमी पडला तरी चालेल, पण गोड्या पाण्याचे पिंप काठोकाठ भरलेले हवे, असा त्यांचा दंडक असे. इंजिनाला मात्र हा दंडक कोणी लावला नाही. मासेमारीची होडी असो, बंदरातली लाँच असो, की हौशी माणसाची शिडाची नौका असो, तिच्या पोटातले डिझेल इंजिन बहुधा समुद्राचेच पाणी पिऊन आपला ताप उतरविते. ते कुरकुरत नाही. कुरकुरते ते फार उशिरा, आणि तेव्हा होडी किनाऱ्यापासून दहावीस मैल आत असते.

इंजिनाला एवढे पाणी लागते तरी कशाला? डिझेल जाळून जी उष्णता निघते तिचा सुमारे तिसरा हिस्सा, फार तर त्याहून थोडा अधिक, होडीचा पंखा फिरविण्याच्या कामी येतो. उरलेली उष्णता काही धुराबरोबर निघून जाते, आणि काही इंजिनाच्या लोखंडात शिरते. ती तिथून सतत काढून नेली नाही तर दट्ट्या आणि सिलिंडर एकमेकांना धरून बसतील. रस्त्यावरच्या मोटारीला हे काम वाऱ्याच्या झोताने साधते. होडीच्या तळघरात वारा नाही, पण भोवती पाण्याला तोटा नाही. म्हणून होडीच्या तळाला भोक पाडून एक नळी आत घ्यावयाची, पंपाने समुद्राचे पाणी ओढावयाचे, ते इंजिनाभोवती खेळवावयाचे आणि धुराच्या नळीतून पुन्हा समुद्रात सोडून द्यावयाचे, ही युक्ती सोपी व स्वस्त ठरली.

या सोपेपणाची किंमत किती, ते थोडा हिशेब केला की कळते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. मध्यम आकाराच्या होडीचे इंजिन चालत्या गतीने मिनिटाला ४० लिटर पाणी ओढते असे धरू. म्हणजे तासाला २,४०० लिटर पाणी झाले, आणि त्याबरोबर ८४ किलो मीठ! दहा तासांच्या फेरीत साडेआठ क्विंटलांच्या जवळपास मीठ इंजिनाच्या नळ्यांतून वाहत जाते. यातले बहुतेक सारे बाहेर पडते हे खरे. पण फेरी संपून इंजिन थांबते त्या क्षणी जे पाणी आत असते, ते आतच राहते. भोवतालचे लोखंड तापलेले असते. पाणी थोडेथोडे आटते, उरलेले अधिकाधिक खारट होत जाते, आणि कोपऱ्याकोपऱ्यात मिठाचे पापुद्रे धरतात.

हे पापुद्रे वाळून गेले तर फारसे बिघडले नसते. पण मीठ कोरडे राहत नाही. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, हे कोकणातल्या कोणत्याही घरी सांगावे लागत नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतली वाफ ओढून घेते आणि विरघळू लागते. समुद्राच्या मिठात जे मॅग्नेशियम क्लोराइड असते ते तर याच्या निम्म्याहून कमी आर्द्रतेलाच पाझरते. पश्चिम किनाऱ्यावर एवढी ओल वर्षाचा मोठा काळ असतेच. तेव्हा बंद पडून राहिलेल्या इंजिनातले मीठ दिवसेंदिवस ओलेच असते आणि त्याचे काम चालू असते. धातूवर निसर्गतः जो पातळ संरक्षक थर बसतो, तो मिठातील क्लोराइड जागोजाग भेदते, आणि तेवढ्याच जागी गंज खोल खोल उतरत जातो. वरून पाहणाऱ्याला सुईच्या टोकाएवढे भोक दिसते. आत भिंत पोखरलेली असते.

त्यातच एका इंजिनात नाना जातींचे धातू एकत्र नांदत असतात: बीड, पोलाद, ॲल्युमिनियम, तांबे, गनमेटल. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, त्यामुळे दोन भिन्न धातू तिथे एकमेकांना टेकले की आपोआप एक लहानशी बॅटरी तयार होते आणि त्यांपैकी दुबळा धातू झिजू लागतो. झिजावयाचेच तर स्वस्त धातूने झिजावे, म्हणून इंजिनात जस्ताच्या कांड्या बसवितात. ही कल्पना हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाची. ब्रिटिश आरमारी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे मारीत. ते झिजू नयेत म्हणून १८२४ साली त्याने त्यांना जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. तांबे झिजायचे थांबले खरे, परंतु झिजणाऱ्या तांब्याच्या विषाने जे शिंपले-कालवे दूर राहत होते, ते आता निर्धास्तपणे तळाला चिकटले आणि जहाजे मंदावली. समुद्राशी केलेला सौदा असा नेहमी दुसऱ्या बाजूने वसूल होतो.

खाऱ्या पाण्याशी यंत्राचा हा झगडा डिझेलच्या फार आधीपासूनचा आहे. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० साली मुंबईहून सुएझला गेली, त्या काळी आगबोटींच्या बाष्पकांत समुद्राचेच पाणी भरीत. पाण्याची वाफ होऊन जाई आणि मीठ मागे राही. मग ठरावीक वेळाने बाष्पकातले कढत खारवणी समुद्रात सोडून द्यावे लागे. त्याबरोबर कोळसा जाळून मिळविलेली उष्णताही जाई. सॅम्युएल हॉल याने १८३४ साली वाफ पुन्हा थंड करून तेच गोडे पाणी बाष्पकात परत नेणाऱ्या उपकरणाचे पेटंट घेतले, आणि १८३८ साली अटलांटिक ओलांडणाऱ्या ‘सिरियस’ या आगबोटीवर ते बसविलेले होते. पुढे यंत्र बदलले. रुडॉल्फ डिझेल याचे इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे यशस्वी झाले, १९१२ साली डेन्मार्कमध्ये बांधलेले ‘सेलांडिया’ हे डिझेलवर चालणारे महासागरी जहाज बँकॉकपर्यंत जाऊन आले. पण खाऱ्या पाण्याला यंत्राच्या जिवाजवळ येऊ देऊ नये, हा धडा मोठ्या जहाजांनी गिरविला. लहान होड्यांपर्यंत तो पोचायला फार वेळ लागला.

आपल्या देशात लहान होड्यांवर इंजिने आली ती मुख्यतः स्वातंत्र्यानंतर. भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात १९५२ साली करार झाला, आणि त्या वेळच्या त्रावणकोर-कोचीन राज्यात, कोल्लमजवळच्या नींडकरा व शक्तिकुलंगरा या गावी मासेमारीच्या यांत्रिक होड्यांचा प्रयोग सुरू झाला. पुढे वेरावळपासून विशाखापट्टणमपर्यंत बंदरे इंजिनांच्या आवाजाने भरून गेली. शीड फाटले तर ते शिवणारी माणसे कोळीवाड्यात घरोघर होती. इंजिनाचे तसे नव्हते. १९६३ साली कोचीला केंद्र सरकारने जी प्रशिक्षणसंस्था काढली, तिचे एक काम होडीवरचे इंजिन चालविणारी माणसे तयार करणे हेच होते. तरीही देशातल्या असंख्य होड्यांवर इंजिन सांभाळणारा माणूस हे काम पाहून पाहूनच शिकलेला असतो. तो कसबी असतो. चालत्या इंजिनाच्या आवाजातला बारीक फरकही त्याच्या कानाला कळतो. पण बंद इंजिनात आत काय घडते त्याला आवाज नसतो.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे जरूर आहे. समुद्री इंजिने दोन तऱ्हांनी थंड करतात. जुन्या, साध्या तऱ्हेत समुद्राचे पाणी थेट इंजिनाच्या ठोकळ्यातून फिरते. अशा इंजिनाला पुरते तापूही देता येत नाही. मीठ आणि साखर गरम पाण्यात अधिक विरघळतात, पण चुन्याच्या क्षारांची तऱ्हा उलटी असते. पाणी तापले की ते बाहेर पडून भिंतीवर थर धरतात. चहाच्या किटलीत जो पांढरा थर जमतो तोच हा. म्हणून अशा इंजिनाचा थर्मोस्टॅट सुमारे ६० अंश सेंटिग्रेडलाच उघडतो, आणि इंजिन जन्मभर अर्धवट थंडच चालते. दुसऱ्या तऱ्हेत इंजिनाच्या आत गोडे पाणी कोंडलेले असते. ते तिथल्या तिथे फिरते आणि आपली उष्णता एका नळ्यांच्या पेटीत समुद्राच्या पाण्याला देते. या पेटीला हीट एक्स्चेंजर म्हणतात. इथे इंजिन ८० अंश व त्याहूनही वर सुखाने चालते.

आता गैरसमज असा, की इंजिनात गोडे पाणी असेल तर ते धुवायची गरजच नाही. वस्तुतः ठोकळा वाचला, एवढेच. समुद्राच्या पाण्याचा पंप, हीट एक्स्चेंजरच्या नळ्या, वंगणतेल थंड करणारी पेटी, गिअरबॉक्सचे तेल थंड करणारी पेटी आणि धुराच्या नळीत पाणी जिथे मिसळते ते कोपर, या सर्वांतून अजूनही खारे पाणीच वाहते. गिअरबॉक्सच्या तेलपेटीतली एक बारीक नळी फुटली की समुद्र आणि तेल एकत्र होतात. गिअरबॉक्स उघडल्यावर ताकासारखे पांढरे पाणी दिसते, आणि मग दुरुस्तीची गोष्ट राहत नाही, बदलण्याची होते. काही होड्यांत गोडे पाणी तळाबाहेर बसविलेल्या नळ्यांतून फिरवून थंड करतात आणि धूरही कोरडाच बाहेर सोडतात. अशा होडीत खारे पाणी आत येतच नाही. तिच्या मालकाने या भाषणाऐवजी गाणे ऐकायला हरकत नाही.

इतरांसाठी उपाय जुना आणि साधा आहे: फेरी संपली की इंजिनाच्या खाऱ्या वाटेने थोडा वेळ गोडे पाणी खेळवावे. सांगायला हे वाक्य सोपे आहे. पण त्यासाठी इंजिनाला जी जोडणी करावी लागते ती चुकली, तर गोडे पाणी खाऱ्याहून लवकर इंजिनाचा घात करते. म्हणून ती जरा सावकाश पाहिली पाहिजे.

होडीच्या तळाच्या भोकाला एक कॉक असतो, त्याच्यापुढे कचरा अडविणारी गाळणी, आणि गाळणीच्या पुढे पंप. गोड्या पाण्याची वाट कॉक आणि गाळणी यांच्यामध्ये जोडावी. म्हणजे गाळणीही धुऊन निघते. नुसता टी-जोड लावून त्याला वेगळा कॉक बसविता येतो, पण त्यात दोन कॉक होतात, आणि दोन्ही एकदम उघडे राहिले तर समुद्र सरळ होडीत चालून येतो. तीन तोंडांचा एकच कॉक लावणे अधिक चांगले: दांडा एकीकडे केला की समुद्र, दुसरीकडे केला की गोडे पाणी. तळाचा मूळ कॉक अर्थातच आपल्या जागी राहतो.

हा नवा कॉक पितळेचा नसावा. बाजारात तोच स्वस्त मिळतो आणि दिसतोही झगझगीत. परंतु खाऱ्या पाण्यात पितळेतले जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो, जो एखाद्या दिवशी हातातच तुटतो. होडीच्या पाणरेषेखाली असे होणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. गनमेटल किंवा चांगल्या कांस्याचाच कॉक घ्यावा. नळी बागेत पाणी घालण्याची चालणार नाही. पंप ओढू लागला की ती चपटी होऊन बसते. आत तारेचे वेटोळे असलेली, पंपाच्या तोंडाइतक्याच व्यासाची नळी घ्यावी आणि प्रत्येक टोकाला गंज न धरणाऱ्या पोलादाच्या दोन दोन क्लिपा घट्ट कराव्यात. दोनचारशे रुपये वाचविण्याची ही जागा नव्हे.

आता पाणी कुठून घ्यावयाचे? येथेच बहुतेक अपघात होतात. युरोप-अमेरिकेतल्या हौशी नौकांच्या धक्क्यांवर नळाची नळी सरळ इंजिनाला जोडण्याचा प्रघात आहे. त्यांचे पाहून आपल्याकडेही तसे करतात. नळाच्या पाण्याला दाब असतो. आणि इंजिन बंद असताना हा दाब इंजिनात शिरला तर काय होते, ते नीट समजून घ्यावे.

पाणी धुराच्या नळीतून बाहेर जाते, हे वर आलेच आहे. इंजिन पाणरेषेच्या खाली बसलेले असेल तर हे पाणी आपोआप वर चढून बाहेर पडू शकत नाही. म्हणून वाटेत एक डबा ठेवतात. पाणी त्यात साचते आणि धुराचा दाब त्याला वर ढकलून बाहेर फेकतो. म्हणजे पाणी बाहेर काढणारा खरा हमाल धूर आहे, आणि इंजिन बंद असले की हा हमाल घरी गेलेला असतो. अशा वेळी नळाचे पाणी पंपाच्या पात्यांच्या फटींतून झिरपत डब्यात येते, डबा भरतो, पाणी धुराच्या वाटेने उलटे इंजिनाकडे चढू लागते, आणि ज्या सिलिंडरची झडप त्या वेळी उघडी असेल त्यात उतरते. बाहेरून काहीही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणी तरी चावी फिरवितो. दट्ट्या वर येतो. वर हवा असती तर ती दबली असती, पण पाणी दबत नाही. मग दट्ट्याचा दांडा वाकतो. गोड्या पाण्याच्या पाच मिनिटांनी, खाऱ्या पाण्याला पाच वर्षांत जमले नसते, ते काम झालेले असते. इंजिन सुरू होत नाही म्हणून पुनःपुन्हा चावी फिरवीत राहणाऱ्यांनाही हाच धोका असतो. पंप तर प्रत्येक फिरकीला पाणी डब्यात टाकीतच असतो. तेवढा वेळ समुद्राचा कॉक बंद ठेवावा, आणि इंजिनाने जीव धरला की लगेच उघडावा.

नळच वापरावयाचा तर क्रम पाळला पाहिजे: सुरू करताना इंजिन आधी, पाणी मागून, थांबविताना पाणी आधी आणि लगेच इंजिन. पण दमलेल्या माणसाच्या हातून पहाटे तीन वाजता जो क्रम चुकू शकतो, तो भरवशाचा मानता येत नाही. शिवाय नळाला थेट जोडलेल्या नळीत आणखी एक दोष आहे, आणि तो सार्वजनिक स्वरूपाचा आहे. गावातला पाण्याचा दाब अचानक गेला तर इंजिनातले खारे, तेलकट पाणी उलटे त्याच नळात ओढले जाऊ शकते. आणि त्याच नळावर बायका पिण्याचे पाणी भरीत असतात.

या दोन्ही संकटांवर एक साधे पिंप पुरे आहे. नळाने किंवा घागरींनी पिंप भरावे, आणि इंजिनाची नळी त्या पिंपात सोडावी. पिंपाला दाब नसतो. इंजिन जेवढे ओढेल तेवढेच पाणी जाते. नळाची तोटी पिंपाच्या पाण्याला टेकू न देता वर ठेवली की गावचे पाणी आणि इंजिनाचे पाणी यांच्यात वीतभर हवा राहते, आणि ही वीतभर हवा कोणत्याही महागड्या झडपेपेक्षा विश्वासू आहे. मात्र पिंप डेकवर उंच ठेवू नये. त्याचे पाणी वजनानेच खाली उतरू लागेल आणि पुन्हा तोच प्रकार घडेल. ते इंजिनाच्या शेजारी, शक्य तितके खाली असावे, आणि इंजिन थांबताच कॉक फिरवून त्याची वाट बंद करावी.

पाणी किती लागेल? चालत्या गतीला, म्हणजे मिनिटाला १,८०० फेऱ्यांना, ४० लिटर ओढणारा पंप ६०० फेऱ्यांना साधारण १३ लिटर ओढील. म्हणजे २०० लिटरांचे पिंप पंधरा मिनिटे पुरते. आणि हीट एक्स्चेंजरच्या इंजिनाला त्याचे निम्मेही पुष्कळ झाले. थेट समुद्राचे पाणी पिणाऱ्या इंजिनाला सबंध पिंप द्यावे, आणि तेही इंजिन गरम असतानाच. कारण थर्मोस्टॅट बंद असेल तर गोडे पाणी ठोकळ्याला वळसा घालून निघून जाते. धुणारा समाधानाने हात पुसतो, आणि ठोकळ्यात खारे पाणी जसेच्या तसे राहते. फेरी संपून होडी धक्क्याला लागली, इंजिन मंद गतीवर दोनचार मिनिटे चालले, की कॉक फिरवून पिंपाची वाट उघडावी. इंजिन त्यासाठी बंद करावे लागत नाही, पंप क्षणभरही कोरडा राहत नाही. पिंपाचा तळ दिसू लागण्यापूर्वी इंजिन थांबवावे. मात्र पाण्यावाचून भलतेच तापलेले इंजिन असेल तर त्याला एकदम गार पाणी देऊ नये. बिडाला तडा जाईल. ते आधी आपोआप निवू द्यावे.

गोड्या पाण्याने काय होते आणि काय होत नाही, याचीही मर्यादा ओळखली पाहिजे. ते ताजे मीठ धुऊन नेते. नळ्यांत नुकतेच चिकटलेले समुद्री जीव गोड्या पाण्यात टिकत नाहीत. साचलेल्या खाऱ्या पाण्यात जे सूक्ष्म जंतू वाढून अंड्यासारखी दुर्गंधी सोडतात आणि तांब्याच्या नळ्यांना खातात, त्यांचेही पोषण थांबते. पण वर्षानुवर्षे बसलेला चुन्याचा थर पाण्याने हलत नाही. त्याला सौम्य आम्ल लागते, आणि ते काम जाणत्या कारागिराचे आहे, कारण तेच आम्ल ॲल्युमिनियमचे भाग खाऊन टाकते. कधी कधी जुन्या इंजिनाला पहिल्यांदा गोडे पाणी मिळाले आणि ते गळू लागले, असेही होते. गंजानेच बुजलेले भोक मोकळे झालेले असते. मग दोष गोड्या पाण्यावर येतो.

राहिला एक प्रश्न, आणि तो यंत्राचा नाही. कोकणातल्या कित्येक गावी मे महिन्यात डोक्यावरून पाणी आणावे लागते. तिथे इंजिनाला रोज १०० लिटर गोडे पाणी पाजावे काय? याचे उत्तर स्पष्ट आहे: पाजू नये, आणि पाजण्याची गरजही नाही. जी होडी रोज समुद्रावर जाते तिच्या नळ्यांतले पाणी रोज हलते. तिचे नुकसान मंद गतीने होते, आणि वेळेवर बदललेली जस्ताची कांडी त्याला बरीचशी पुरी पडते. खरा घात उभ्या राहिलेल्या इंजिनाचा होतो. होडी आठवडाभर किंवा अधिक काळ बंद राहणार असेल तर इंजिन धुतलेच पाहिजे. त्यासाठी पिण्याचेच पाणी हवे असे नाही; मचूळ नसलेल्या कोणत्याही विहिरीचे चालते. छपराच्या पन्हळीखाली ठेवलेले पिंप तर फुकटच भरते. दहा चौरस मीटर छपरावर १०० मिलीमीटर पाऊस पडला की १,००० लिटर पाणी होते, आणि कोकणात एवढा पाऊस जुलैत एका दिवसातही पडून जातो.

आणि इंजिने सर्वांत अधिक काळ उभी राहतात ती नेमकी पावसाळ्यातच. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी असते. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिलपासून १४ जूनपर्यंत. होड्या ओढून घेतात, शाकारतात, जाळी विणायला बसतात. ज्या इंजिनात मेअखेरचे खारे पाणी राहिले, त्याला हे दोन महिने म्हणजे वर्षाच्या आयुष्याइतके होतात. नारळी पौर्णिमेच्या आगेमागे होड्या पुन्हा दर्यावर जातात, तेव्हा दर्या अजून पुरता निवलेला नसतो. बाजारात भाव चांगला असतो, कर्जाचा हप्ता डोक्यावर असतो, म्हणून सर्वांना पहिल्याच दिवशी निघण्याची घाई असते. अशा वेळी तळाच्या पेटीतली एक नळी फुटून इंजिन थांबले तर होडी वाऱ्याच्या हाती जाते, आणि ऑगस्टमध्ये वारा किनाऱ्याकडे, खडकांकडेच वाहत असतो. तिच्यावरच्या सातआठ खलाशांना त्या वेळी इंजिनाची किंमत रुपयांत मोजावीशी वाटत नाही.

म्हणून हंगाम संपताना एकदा पिंपभर पाणी सढळ हाताने द्यावे. मग तळाचे बूच काढून सगळे पाणी निथळू द्यावे. पंपातला रबरी इंपेलर बाहेर काढून ठेवावा. दोन महिने एकाच बाजूला दबून राहिली की त्याची पाती वाकडीच होतात. काढताना एखादे पाते तुटलेले दिसले तर तुकडा कुठे गेला ते शोधल्याशिवाय राहू नये. तो बहुधा पुढे हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकून वाट पाहत असतो. इंपेलर परत बसविताना साबणाचे पाणी किंवा ग्लिसरीन लावावे, खनिज तेल नको. त्याने रबर फुगते.

शेवटचे काम तळाचा कॉक बंद करण्याचे, आणि त्यातच पुढच्या हंगामाची चूक लपलेली असते. दोन महिन्यांनी घाईघाईत इंजिन सुरू होते, कॉक बंदच असतो, आणि कोरडा इंपेलर मिनिटभरात जळून त्याचे तुकडे होतात. काही जुने तांडेल यावर एक उपाय करतात. कॉक बंद केला की इंजिनाची चावी ते त्याच कॉकच्या दांड्याला सुतळीने बांधून ठेवतात. चावी हवी असेल त्याला खाली वाकून, कॉकपर्यंत हात घालून ती सोडावी लागते.